पादुआला निघालेले मेणाचे पाय

अकरा वर्षं पायस तुस्कानो बहरीनमध्ये बसून इटली विकत होता आणि इटलीत त्याने अजून पाऊल ठेवलेलं नव्हतं. यात लबाडी आहे असं मी म्हणणार नाही. न्हाव्याला टक्कल असलं म्हणून कुणी केस कापून घ्यायचं थांबत नाही. पण एखादं गिऱ्हाईक विचारायचंच, "तुम्ही स्वतः किती वेळा गेलात तिकडे?" अशा वेळी पायस खिडकीबाहेर बघायचा, "काय सांगू, इटली म्हणजे..." एवढं म्हणायचा आणि त्याला खोकला यायचा. हा खोकला त्याने इतका घोटला होता की ऐकणाऱ्याला वाटावं, बिचारा आठवणींनी गहिवरला. मग गिऱ्हाईकच त्याला पाणी द्यायचं आणि विषय बदलायचं.

पायस मूळचा वसईचा, गिरीज गावचा. मनामाच्या नईम भागात एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर नावेदभाईंची कंपनी होती, तिथे तो नोकरीला होता. बड्या कंपन्यांची संमेलनं, डीलरांच्या सहली, बक्षीस समारंभ हे सगळं परदेशात नेऊन भरवून द्यायचं, असा त्यांचा धंदा. नावेदभाई हैदराबादचे. मुलाखतीत त्यांनी पायसचं आडनाव दोनदा वाचलं, त्यांना त्यात काहीतरी इटालियन दिसलं आणि त्यांनी तिथल्या तिथे त्याला इटलीचं टेबल देऊन टाकलं. वसईत तुस्कानो आडनावाची माणसं केळी लावतात, शाळेत गणित शिकवतात आणि त्यांचा इटलीशी मॅकरोनीपुरताही संबंध नसतो, हे पायसने सांगितलं नाही. आधीची नोकरी गेलेली, व्हिसा संपायला बावीस दिवस उरलेले. अशा वेळी तुम्ही तरी सांगितलं असतं का?

ही नोकरी संत अंतोनीने लावून दिली, असं पायसची बायको व्हेरॉनिका मानायची. ती इस्पितळात नर्स होती. त्या बावीस दिवसांत तिने नवस बोलला होता की पायसला काम लागू दे, मी पादुआला तुझ्या कबरीपाशी येऊन गुडघे टेकीन. पादुआ म्हणजे इटलीतलं ते जुनं शहर, जिथे संत अंतोनी पुरलेला आहे. वसईत हरवलेल्या किल्लीपासून अडलेल्या लग्नापर्यंत सगळं खातं त्याच्याकडेच असतं. तर नोकरी लागली आणि नवस राहिला. एका वर्षी गावच्या घराचं छप्पर निघालं, एका वर्षी सासूबाईंचं ऑपरेशन, मग करोना, मग लेकीचे, नताशाचे दात सरळ करायचे. दर मंगळवारी व्हेरॉनिका अंतोनीच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावायची आणि "पुढच्या वर्षी नक्की" म्हणायची. तसबिरीतला अंतोनी ऐकून घ्यायचा. दुसरं काय करणार?

पायसला हा राहिलेला नवस दातात अडकलेल्या आंब्याच्या केसरासारखा सलायचा. विचार करकरून त्याने मनाशी एक हिशेब बसवला होता. नवस घराचा, तेव्हा घरातलं कुणीही गेलं की फिटला. आणि घरातलं कुणीही म्हणजे अर्थातच आपण. आपलं टेबलच इटलीचं. त्याला पादुआला जायचं होतं, अगदी जीव तोडून जायचं होतं. नवस तर फिटेलच, पण एकदा जाऊन आलो की हा मेला खोकलाही सुटेल, असं त्याला वाटायचं.

यंदा जुलैत ती संधी चालून आली. पाण्याचे पंप विकणारी एक जुनी बहरीनी कंपनी होती. तिची मालकीण अस्मा, पन्नाशीची, कमी बोलणारी आणि समोरच्याला भरपूर बोलू देऊन मग दोन शब्दांत गार करणारी. तिला ऑक्टोबरात आपल्या एकशेवीस डीलरांचं संमेलन कुठल्यातरी जुन्या, देखण्या शहरात भरवायचं होतं. एवढा मोठा ग्रुप असला की नावेदभाईंच्या कंपनीचा एक माणूस सोबत जायचा, त्याचा सगळा खर्च ग्रुपमधूनच निघायचा. पायसच्या टेबलाला एवढा मोठा ग्रुप आजवर मिळालाच नव्हता.

"मिलान दे दो मियाँ," नावेदभाई म्हणाले. "सब मिलान लेते."

"भाई, पादुआ," पायस म्हणाला. "व्हेनिसहून गाडीने अर्धा तास. हॉटेलं स्वस्त. नवं कॉन्फरन्स सेंटर आहे. आठशे वर्षांचं विद्यापीठ आहे. आणि भाई, तिथल्या चर्चमध्ये संत अंतोनीची जीभ जपून ठेवलेली आहे."

"जीभ?"

"फार मोठा वक्ता होता. ज्यांचं पोट बोलण्यावर चालतं, त्या डीलरांनी बघायला नको?"

नावेदभाईंनी थोडा वेळ आपल्याच जिभेने गाल चाचपला आणि होकार दिला.

इथवर सगळं ठीक चाललं होतं. मग पायसने ही गोष्ट घरी व्हेरॉनिकाला सांगितली. व्हेरॉनिकाने फक्त सिल्व्हियाबायला सांगितली. सिल्व्हियाबाय उम्म अल हस्सम भागात त्यांच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहायच्या, साठीच्या, मुलाकडे आलेल्या, आणि त्यांना सांगितलेली गोष्ट कुणालाही कळायची नाही, कारण त्या आधी सगळ्यांना बजावायच्या की कुणाला सांगू नका. शुक्रवारच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात पायस पोहोचला तर लोक त्याचे हात हातात घेऊन अभिनंदन करत होते. अजून अस्माला साधं पत्रक दाखवलेलं नव्हतं आणि इकडे पायस पादुआहून जवळजवळ परतलाच होता.

आणि मग मेण यायला लागलं.

आमच्या वसईकडची रीत अशी की गुडघा दुखत असला तर सणाला मेणाचा गुडघा वाहायचा. हाताला मेणाचा हात, कानाला कान, मूल हवं असेल तर मेणाचं बाळ, घर होत नसेल तर मेणाचं घर. जत्रेत हे सगळं मांडून विकायला असतं. बहरीनमधली आपली माणसं सुट्टीवर गेली की घेऊन ठेवतात, गडबडीत वाहायचं राहून जातं, आणि सामानात गुंडाळलेला तो हात किंवा पाय परत बहरीनला येतो. बहरीनच्या उन्हाळ्यात खिडकीत ठेवलेल्या मेणाचं दुपारपर्यंत सार होतं, म्हणून तो ठेवायचा फ्रीजरमध्ये. वसईकरांच्या किती फ्रीजरांत सुरमईच्या शेजारी कोण कोण झोपलेलं आहे, हे त्या आठवड्यात पायसला कळलं. सगळ्यांचं म्हणणं एकच होतं की एवीतेवी हा साक्षात अंतोनीच्याच दारी चाललाय तर घेऊन जाऊ दे.

सिल्व्हियाबायनी गुडघा दिला. एका हॉटेलातल्या हॅन्सेल नावाच्या पोऱ्याने, म्हणजे पोऱ्या कसला, चाळिशीचा बाप्या, मेणाचं विमान दिलं, कारण त्याचा कॅनडाचा व्हिसा अडला होता. तीन पाय आले, तिन्ही डावे. एक कोपर आलं, एक बाळ आलं. एका बाईने नवऱ्याचा कान दिला आणि वर सांगितलं की त्याला ऐकू उत्तम येतं, पण तो ऐकत नाही, तेवढं अंतोनीला नीट समजावून सांगा. पायस "अजून नक्की नाही हो" म्हणत राहिला आणि लोक "इंशाल्ला, इंशाल्ला" म्हणत त्याच्या हातात अवयव ठेवत राहिले.

चौदा वर्षांची नताशा आइस्क्रीम घ्यायला गेली आणि फ्रीजर उघडून तशीच उभी राहिली.

"पप्पा," ती म्हणाली, "देअर इज अनदर फूट."

"असू दे. त्याच्या मागे बघ, आइस्क्रीम तिथे आहे."

"आय ॲम नॉट हंग्री," असं म्हणून नताशा निघून गेली.

अस्माने मीटिंगसाठी मंगळवार दिला, दुपारी चार, तिच्या अमवाज आयलंड्सच्या व्हिलात. मंगळवार अंतोनीचाच वार. व्हेरॉनिकाला ही खूणच वाटली. "त्या दिवशी जाताना हे सगळं चर्चमध्ये देऊन जा," ती म्हणाली. "फादर पाणी शिंपडून आशीर्वाद देतील. येताना घेऊन ये."

पायसनेही तयारी केली होती. एका बेकरीतून त्याने तिरामिसू बनवून घेतलं होतं, दारूचा थेंब न घालता. हा इटलीचा केक, गार राहिला तरच केक, नाहीतर कालवण. अस्माला आधी हे खिलवायचं आणि मग पादुआ दाखवायचं, असा बेत. घरात दोन कूलर बॅगा होत्या, एकावर एक फुकट मिळालेल्या, दोन्ही निळ्या. व्हेरॉनिकाने ड्यूटीला जाण्यापूर्वी एकीत केक भरला, दुसरीत अवयव, आणि पायसला नीट समजावलं की डावीकडची चर्चची, उजवीकडची मॅडमची. सगळं चोख होतं. फक्त ती ओट्याच्या अलीकडे उभी राहून बोलत होती आणि पायस पलीकडे उभा राहून ऐकत होता.

चर्चच्या ऑफिसात झेवियर बसायचा. पायसने त्याला बॅग दिली, "फादरना सांग, नवसाचं आहे, आशीर्वाद हवाय" म्हणाला आणि घाईघाईने गाडीत बसला. नईमला नावेदभाईंना उचललं आणि अमवाज गाठलं.

अस्माच्या दिवाणखान्यात एसी इतका होता की बाहेरचा समुद्र खोटा वाटावा. अस्मा मधल्या सोफ्यावर बसली होती. तिच्या बाजूला हेमचंद्रभाई, तिचे जनरल मॅनेजर, तीस वर्षं बहरीनमध्ये असलेले गुजराती गृहस्थ. त्यांना संमेलन इस्तंबूलला हवं होतं. तिथे तीनदा जाऊन आल्याने तिथे कुठे काय शाकाहारी मिळतं ते त्यांना पाठ होतं, आणि साठाव्या वर्षी नवीन शहरात उपाशी फिरायची त्यांची तयारी नव्हती. पायसने लॅपटॉप लावला. भिंतीवर पडदा होता, चारी कोपऱ्यांत मोठे स्पीकर होते, पादुआवरच्या फिल्मचा आवाज त्यातून यावा म्हणून त्याने आपला फोनही त्यांना जोडून ठेवला.

"सुरुवात गोडाने करू या," तो म्हणाला. धंद्यात शिकवतात की वस्तू देताना वस्तूकडे बघू नये, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत बघावं. पायसने अस्माच्या डोळ्यांत बघितलं, बॅगेची चेन ओढली, आत हात घातला, "पादुआची पहिली चव, मॅडम," असं म्हणाला आणि सिल्व्हियाबायचा गुडघा अस्माच्या पुढ्यातल्या चांदीच्या तबकात ठेवला.

गुडघा चांगला ठसठशीत होता, वाटीसकट. फ्रीजरमधून आल्यामुळे त्याच्यावरून वाफ निघत होती.

हेमचंद्रभाईंनी आपला काटाचमचा हळूच खाली ठेवला. अस्माने पुढे वाकून बॅगेत डोकावलं आणि एकेक करून तीन डावे पाय, कोपर, कान, विमान आणि एक बाळ टेबलावर मांडलं. ती हे फार शांतपणे करत होती आणि त्याचीच पायसला जास्त भीती वाटली.

नावेदभाई मात्र मुरलेले. पायसच्या नवव्या स्लाइडवर काय होतं ते त्यांना आठवलं. "मॅडम, ॲनाटमी," ते म्हणाले. "पादुआच्या युनिव्हर्सिटीत चारशे वर्षांपूर्वीचं लाकडी गोल सभागृह आहे. डॉक्टर लोक वरून वाकून बघायचे आणि खाली माणूस कापायचे. तीच आमची थीम. शरीर आणि व्यापार. पंप म्हणजे काय मॅडम, कंपनीचं हृदय."

"यात हृदय आहे?" अस्माने विचारलं.

नावेदभाईंनी बॅगेत शोधलं. हृदय नव्हतं. "कोपर आहे," ते म्हणाले.

"आणि विमान?"

"ते ट्रान्सपोर्टसाठी मॅडम. ट्रान्सपोर्ट आमच्याकडेच."

तेवढ्यात पायसचा फोन वाजला. तो घाईने बंद करायला गेला आणि घाईत त्याने तो उचलला. चारी स्पीकरांतून झेवियरचा आवाज आख्ख्या दिवाणखान्यात घुमला: "पायस, फादर विचारतायत, या केकवर पाणी शिंपडायचं म्हणजे तो भिजणार नाही का? आणि नवस नेमका कुणाचा, नाव कुणाचं घ्यायचं? बघ लवकर सांग, इथे मुलांचा क्लास सुटलाय आणि पोरं बॅगेभोवती फिरतायत."

पायसने फोन बंद केला. अस्माला मराठी येत नव्हतं. पण हेमचंद्रभाई लहानपणी मुंबईत भुलेश्वरला वाढलेले होते. त्यांनी घसा साफ केला आणि शब्द न शब्द इंग्रजीत भाषांतर करून सांगितला. इतकं चोख भाषांतर मी पगारी माणसाकडूनही ऐकलेलं नाही. इस्तंबूल त्यांना अगदी जवळ आलेलं दिसत होतं.

"मिस्टर पायस," अस्मा म्हणाली, "हे काय आहे ते आता तुम्ही सांगा. आणि एक विचारते. तुम्ही या शहरात किती वेळा गेला आहात?"

"काय सांगू मॅडम, पादुआ म्हणजे..." पायस म्हणाला आणि त्याला खोकला आला.

अस्माने त्याच्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला. तो पाणी पिईपर्यंत ती थांबली. मग तिने विषय बदलला नाही. "किती वेळा?" तिने पुन्हा विचारलं.

अकरा वर्षांत ही पहिलीच बाई, जिने पाणी देऊनही उत्तर मागितलं. पायसचे खांदे पडले. नावेदभाई पायाने त्याचा पाय दाबत होते, पण समोर इतके पाय पडलेले असताना एकाने काय होणार? "एकदाही नाही," तो म्हणाला.

मग तो सांगतच सुटला. नोकरी गेली होती ते, बावीस दिवस, बायकोचा नवस, छप्पर, ऑपरेशन, करोना, दात. सिल्व्हियाबायना जिना चढवत नाही ते. हॅन्सेलचा व्हिसा. "या लोकांनी हे वर्षानुवर्षं फ्रीजरमध्ये सांभाळलंय मॅडम. मी कितीदा म्हटलं अजून काही नक्की नाही. त्यांना वाटतं मी गेलो म्हणजे ते सगळे गेले." आपली नोकरी गेली, पादुआही गेलं, आणि वर फादरनी केक खाल्ला, असं त्याला दिसत होतं.

अस्माने गुडघा उचलून हातात घेतला. तो आता थोडा मऊ झाला होता. "आम्हीही नज़्र बोलतो," ती म्हणाली. "माझा भाऊ आजारी होता तेव्हा आई बोलली होती की हा बरा झाला तर आख्ख्या गल्लीला हरीस खाऊ घालीन. हरीस म्हणजे गहू आणि मांस, तासन् तास घोटावं लागतं. तेव्हा आई ऐंशी वर्षांची. आम्ही म्हटलं, तू बस, आम्ही करतो. तिने आमच्या हातातला लाकडी दांडा काढून घेतला. म्हणाली, बोलले मी, घोटणार मी." अस्माने पायसकडे बघितलं. "नवस कुणी बोलला होता?"

"बायकोने."

"मग तुम्ही कशाला चालला आहात?"

या प्रश्नावर पायसला खोकलासुद्धा आला नाही. अकरा वर्षं त्याने या नवसाचा विचार केला होता आणि हा एवढासा प्रश्न त्याच्या डोक्यात आलाच नव्हता. त्याला लाज वाटली. नुसती वाटली नाही, कानांपर्यंत चढली.

"खलास, ठरलं," अस्मा हेमचंद्रभाईंकडे वळून म्हणाली. "पादुआ."

"मॅडम, इस्तंबूलचे रेट..."

"हेमचंद्रभाई, या महिन्यात मला सहा शहरं दाखवली गेली. प्रत्येकात कॉन्फरन्स सेंटर आहे, प्रत्येकात जुनं काहीतरी आहे, प्रत्येक जण म्हणतो आमचंच सुंदर. ज्या शहरासाठी लोक आपले गुडघे दहा-दहा वर्षं फ्रीजमध्ये जपतात, असं एकच निघालं. तुम्ही इस्तंबूलसाठी फ्रीजमध्ये काय ठेवलं आहे?"

हेमचंद्रभाईंनी प्रामाणिकपणे आठवून बघितलं आणि इस्तंबूलच्या रेटचा कागद घडी घालून खिशात ठेवला.

"पण सोबत येणारा माणूस एकच," अस्मा पुढे म्हणाली. "आणि न गेलेल्या माणसाने मला शहर दाखवायची गरज नाही, तिथले लोक दाखवतील. तुमची बायको काय करते?"

"नर्स आहे."

"मॅडम, नर्स," नावेदभाई ताडकन म्हणाले. "तुमच्या डीलरांत निम्म्यांना शुगर, बाकीच्यांना बीपी. इटलीत जाऊन आइस्क्रीम खाणार सगळे. नर्स तो फर्स्ट क्लास. पायस ऑक्टोबरमें वैसे भी इधर मंगताय मेरेकू."

"मी त्यांना विचारते आहे," अस्मा म्हणाली आणि पायसकडे बघत राहिली. "चालेल?"

सगळं टेबल पायसकडे बघत होतं, कानासकट. पादुआचा रस्ता न् रस्ता त्याला पाठ होता. कुठल्या चौकात किती पुतळे आहेत ते त्याला झोपेत सांगता आलं असतं. त्याला म्हणायचं होतं की मॅडम, दोघं चालणार नाही का, मी डिकीत बसून येतो. त्याचे डोळे भरले, आणि तो म्हणाला, "चालेल."

निघताना हेमचंद्रभाई दारापर्यंत आले. त्यांनी मागे वळून अस्मा बघत नाही याची खात्री करून घेतली आणि पायसच्या कानाशी लागले. "पायसभाई, तो गुडघा जत्रेत कितीला मिळतो? म्हणजे शाकाहारीच असतो ना, मेण?"

परतीच्या वाटेवर पायसने चर्चमधून बॅग उचलली. बॅग धुऊन, पुसून, कोरडी करून ठेवलेली होती. फादरनी चिठ्ठी ठेवली होती की आशीर्वाद दिला आहे, चवही चांगली होती.

घरी आला तेव्हा व्हेरॉनिका ड्यूटीवरून येऊन स्वयंपाकघरात बोंबील साफ करत होती. त्याने अवयव परत फ्रीजरमध्ये लावले. मऊ पडलेल्या गुडघ्याला हाताने दाबून आकार दिला. तो आता थोडा आंब्यासारखा दिसत होता, पण अंतोनी समजून घेईल असं त्याला वाटलं. मग त्याने तिच्याकडे पाठ ठेवूनच सगळं सांगितलं. पादुआ ठरलं. ऑक्टोबर. एकच माणूस. "तू जायचंयस," तो म्हणाला. "रजेचा अर्ज टाक. मी नाही."

तो वळला तर व्हेरॉनिका स्टुलावर बसली होती, सुरी तशीच हातात, आणि रडत होती. आवाज न करता, ओल्या मनगटाने नाक पुसत.

"अगं, तुला आनंद नाही झाला?"

"झालाय की. म्हणून तर." ती म्हणाली. "मला वाटायचं, तूच जाऊन येशील आणि मला फोटो दाखवशील. मी मनाची तयारी करून ठेवली होती."

पायसने उघडं राहिलेलं फ्रीजरचं दार लावलं.

व्हेरॉनिकाने सुरी खाली ठेवली. "मला भीती वाटते रे. एकशेवीस माणसं, परका मुलूख. कसं आहे ते पादुआ? सांग ना."

हे मात्र पायसच्या हातातलं काम होतं. तो सरसावला. व्हेनिसहून गाडी कशी निघते ते त्याने सांगितलं. मोठा हिरवा चौक, त्याच्याभोवती पाण्याचा गोल कालवा, कालव्याच्या दोन्ही काठांवर दगडी पुतळे उभे. एका छोट्या प्रार्थनाघराचं निळं छत, जिथे एका वेळी मोजक्याच लोकांना, तेही पाव तासच सोडतात. कमानींखालून चालत गेलं की डोक्याला ऊन लागत नाही. आणि मग अंतोनीचं चर्च, त्याचे घुमट, आत ती कबर, तिच्या दगडाला तळहात टेकवून उभी असलेली माणसं, कुठकुठून आलेली. व्हेरॉनिका ऐकत होती. आजवर त्याच्या कुठल्या गिऱ्हाइकाने असं ऐकलं नव्हतं. तिचं तोंड किंचित उघडं राहिलं होतं आणि हातांवरचं बोंबलाचं पाणी फरशीवर गळत होतं.

"पायस," ती म्हणाली, "हे सगळं बहरीनमधल्या पंपवाल्यांना, एसीवाल्यांना, टायरवाल्यांना माहीत आहे?"

"म्हणजे काय? अकरा वर्षं सांगतोय."

"आणि नवस माझा होता," ती म्हणाली. "मला एकदा तरी सांगितलंस का रे?"

ती भांडत नव्हती, साधंच विचारत होती. पायसने आठवून बघितलं. त्याने प्रामाणिकपणे, वर्षावर्षाने मागे जात आठवून बघितलं. मग त्याने बाजूची खुर्ची ओढली, तिच्यासमोर बसला आणि व्हेनिसच्या स्टेशनापासून पुन्हा सुरुवात केली. या खेपेस ती मध्येमध्ये विचारत होती. त्या चर्चमध्ये वास कसला येतो? तिथल्या बायका आपल्यासारख्या मोठ्याने प्रार्थना म्हणतात का? तो दगड हाताला गार लागतो की कोमट? पायस म्हणायचा, "ते मला माहीत नाही. ते तू बघून ये." असं त्याला त्या संध्याकाळी फार वेळा म्हणावं लागलं.